न वाजवलेली बाजू

मित्रांनो, भिंतीला पाठ लावून उभं असलेलं हे काचेचं नि पत्र्याचं धूड म्हणजे मी, एक जुना ज्यूकबॉक्स. नाणं टाका, दोन बटणं दाबा, की मी गाणं वाजवतो. आता माझी हकिगत सांगायला घेतलीय खरी, पण मान ताठ ठेवून सांगावी अशी ती नाही. मी एका माणसाचा आवाज खाल्लाय. तोही चोरून नाही, दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत, लोक टाळ्या वाजवत असताना खाल्लाय.

उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात मला जोडलं. ताटाळ्यात ताटं उभी असतात ना, तशा माझ्या पोटात तबकड्या उभ्या असतात. बटण दाबलं की एक छोटी गाडी रुळावरून सरकत जाते, हवी ती तबकडी उचलते आणि सुईपुढे धरते. पुढची बाजू हवी तर पुढची, मागची हवी तर मागची. सुई ज्या हाताला लावलेली असते तो माझा हात मात्र त्यांनी मुद्दाम जड बनवला. हा जाणार कॅफेत, तिथे माणसं नाचणार, फरशी हादरणार, हलका हात असला तर सुई उड्या मारत सुटेल, असं म्हणत होते ते. त्यांचं बरोबरच होतं. पण त्या जडपणाचं पुढे काय होईल याचा विचार तेव्हा त्यांनी केला नाही, आणि मला तर तो करताच येत नव्हता.

तिथून ट्रकमध्ये घालून मला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आर्कान्सॉ राज्यात आणलं, नदीकाठच्या पोर्टर्स बेंड नावाच्या गावी, क्रेनशॉ कॅफेत. गाव कापसाचं. कॅफे म्हाताऱ्या क्रेनशॉचा आणि गिऱ्हाइकांना कॉफी वाढायला त्याची मुलगी लॉयस, एकोणीस वर्षांची, फटकळ तोंडाची. मी मात्र त्यांच्या मालकीचा नव्हतो. माझे मालक होते मिस्टर टर्ली. असे ज्यूकबॉक्स त्यांनी गावोगावी ठेवले होते. मधूनमधून ते यायचे, झिजलेल्या तबकड्या काढून नव्या भरायचे आणि सुई बदलायचे. "सुई बोथट झाली ना लॉयस, की नांगरासारखी चालते," ते म्हणायचे, "गाणं वाजवत नाही मग ती, उकरते." लॉयस हो हो करायची आणि टेबल पुसायला निघून जायची.

काय दिवस होते ते. शनिवारी जिनिंगचे मजूर केसांना तेल चोपडून यायचे, पोरी घेरदार झगे घालून यायच्या, आणि मला क्षणाची उसंत नसायची. त्या सुमारास रॉकाबिलीची हवा होती. गोऱ्या शेतमजुरांची गावठी गाणी आणि नदीकाठच्या काळ्या मजुरांचा ब्लूज यांची कुणीतरी गाठ घालून दिली होती आणि दोघं मिळून धावत सुटले होते. ढोलबिल काही नाही. बास नावाच्या माणसापेक्षा उंच वाद्याच्या तारा ओढून फळीवर फटाफट आपटायच्या, एक गिटार खडखडवायची आणि गाणाऱ्यानं उचकी लागल्यासारखं गायचं. म्हातारे कपाळाला आठ्या घालायचे. पोरं नाचायची.

आमच्या गावचाही असा एक बँड होता, मडलाइन थ्री. गाणारा कॉय हॅगरमन. तो कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कामाला होता. भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले असायचे आणि तसाच तो कॅफेत यायचा. लॉयस त्याला सफरचंद भरून भाजलेल्या ॲपल पायचा इतरांपेक्षा मोठा तुकडा द्यायची. कॉय तिच्याशी हसून बोलायचा, पण तो सगळ्यांशीच हसून बोलायचा, हे तिला कळत नव्हतं.

शेजारच्या गावात एक फर्निचरवाला होता. सोफे नि पलंग विकता विकता तो गाण्याच्या तबकड्याही काढायचा. त्यानं मडलाइन थ्रीची एक तबकडी काढली, एकच. प्रती मोजक्याच होत्या आणि त्या कॉय आपल्या गाडीच्या डिकीतून विकायचा. थंडीतल्या एका दुपारी तो दाराशी गाडी थांबवून आत आला. गाडीच्या टपावर एक लहानशी लाकडी खुर्ची दोरीनं बांधलेली होती. फर्निचरवाल्यानं मोबदल्यात बहुधा तीच दिली असावी.

"ही कुणाला बसवणार रे?" लॉयसनं खिडकीतून बघत टोमणा मारला. "तुझा तर एक पायही मावायचा नाही तीत."

कॉय नुसता हसला. त्यानं शर्टातून तबकडी काढून तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "या गावातली पहिली तुझी."

पोरीचा चेहरा असा फुलला की मला काचेआडूनही दिसला. पुढच्या बाजूचं गाणं होतं 'पुलावरून सुसाट'. मग तिनं तबकडी उलटली आणि मागच्या बाजूचं नाव वाचलं, 'ऑपल, दिवा ठेव'. ऑपल कोण, असं तिनं विचारलं. नदीपलीकडच्या लाँड्रीत इस्त्री करते, आम्ही उन्हाळ्यातच कोर्टात जाऊन लग्न केलं, असं कॉयनं सहज सांगून टाकलं. लॉयसनं अभिनंदन केलं, कॉफी ओतली, पायचा तुकडाही दिला, त्या दिवशी जरा लहान. पुढच्या खेपेला टर्लींनी ती तबकडी माझ्या पोटात बसवली. टर्ली गेल्यावर लॉयसनं मागच्या बाजूच्या बटणावर चिकटपट्टी लावली. कुणी विचारलं तर ते बटण बिघडलंय असं ती सांगायची. नाचणाऱ्यांना तसंही मागच्या संथ गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. बटण बिघडलेलं नाही हे मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

वसंतात कॉय गेला. कार्यक्रमाहून परतताना धुक्यात गाडी दलदलीच्या पाण्यात उतरली. ऑपल सामान बांधून दूर मिशिगनला भावाकडे निघून गेली, असं कॅफेतल्या बायका बोलत होत्या. बँड संपला. वर्षभरात लोकांना त्याचं नावही आठवेना.

आठवण राहिली एका लॉयसला. दुपारची गिऱ्हाइकी ओसरली की ती हात पुसत यायची आणि 'पुलावरून सुसाट' लावायची. रोज. गाणं संपेपर्यंत माझ्या काचेवर हात ठेवून उभी राहायची. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. बाकीचे नाणं टाकून पाठ फिरवायचे, ही मात्र माझ्याकडे बघत राहायची. माझ्यावर कुणाचा जीव आहे असं मला वाटे. आणि मी माझा जड हात त्या गाण्यावर टेकवायचो आणि कॉयचा आवाज थोडा थोडा खरवडून काढायचो.

काही वर्षांनी ती प्रत झिजून करडी पडली. टर्ली ती फेकून देणार होते, लॉयसनं हातातून ओढूनच घेतली. टाकवत तर नव्हती, मग करायचं काय? तेव्हा आमच्याकडच्या बायका जुन्या तबकड्या भट्टीत तापवून, उपड्या डब्यावर दाबून त्यांचे वाडगे करायच्या. लॉयसनंही केला. मधलं भोक मोठं म्हणून खाली काचेची बशी ठेवली, वाडग्यात पेपरमिंटच्या गोळ्या भरल्या आणि तो गल्ल्याशेजारी मांडला. भोकाभोवती छापलेली बँडची नि कॉयची नावं गोळ्यांखाली झाकून गेली. त्या प्रतीची मागची बाजू अगदी कोरी करकरीत होती, मित्रांनो. एकदाही न वाजता ती भट्टीत वितळली.

दुसरी प्रत हर्शलनं दिली. हर्शल म्हणजे आमच्या गावचा न्हावी, त्यानं ती कॉयच्या डिकीतून घेतली होती, पण घरी वाजवायला काही नसल्यानं ती तशीच पडून होती. "ठेव तुझ्याकडे," तो म्हणाला होता. पण लॉयसला ठेवणं कुठे माहीत? गाणं कपाटात ठेवून काय करायचं, ते ऐकायचं, असं म्हणत तिनं ती थेट माझ्या पोटात घातली. पुढे टर्ली थकले. त्यांनी मला लॉयसला विकून टाकलं आणि जाताना एक डबी तिच्या हातात दिली. डबीत नवी कोरी सुई होती. "आता तुझं तूच बघ. सुई बदलत जा," एवढं बजावून ते गेले. डबी गल्ल्याच्या खणात बटणं, रबरं, तुटक्या किल्ल्या यांच्यात जाऊन पडली. वाजतंय ना, मग कशाला, असं लॉयसचं म्हणणं. तिचा बाप गेला, ती कॅफेची मालकीण झाली, तिचे केस पिकले. शनिवारचं नाचणं थांबलं. माझे दिवे एकेक करून गेले, गाण्यांच्या नावांच्या पट्ट्या पिवळ्या पडून गळाल्या. कोपऱ्यात केचपच्या बाटल्यांची खोकी माझ्या अंगावर रचली जाऊ लागली. तरी दुपारी लॉयस यायची, खोकं बाजूला सरकवायची आणि तेच बटण दाबायची. मी तीच बोथट सुई घेऊन नांगरणी करायचो.

आणि अशीच वर्षं लोटल्यावर एका ऑक्टोबरात, दुपारीच, एक बाई कॅफेत आली. साठीला टेकलेली, अंगात उत्तरेकडचा जाड कोट. आमच्याकडे त्या हवेत असला कोट कुणी घालत नाही. कॅफेत तेव्हा फक्त हर्शल होता, आपल्या नेहमीच्या स्टुलावर, कॉफीत बिस्किट बुडवत. लॉयस गल्ल्यावर. बाईनं कॉफी मागितली आणि मग चाचरत म्हणाली की तिचं नाव जॅनेल, आणि ती एका जुन्या बँडचा शोध घेत फिरतेय.

मग ती बोलतच सुटली, बरेच दिवस कुणी ऐकून न घेतलेल्या माणसासारखी. तिचे वडील त्या बँडमध्ये गायचे, ती जन्मायच्या आधीच गेले. आईनं दुसरं लग्न केलं, सावत्र वडील भले माणूस होते, त्यामुळे पहिल्याचं नाव घरात कुणी काढत नसे. आई यंदा वारली. शेवटच्या आजारात एवढंच म्हणाली, तुझा बाप मडलाइन थ्रीत गायचा. तेवढ्या एका वाक्यावर ही बाई घराबाहेर पडली होती. फर्निचरवाल्याचं दुकान कधीच बंद झालेलं, त्याच्याकडच्या प्रती पुरात गेलेल्या. रेडिओ स्टेशननं जुना माल कचऱ्यात टाकलेला. असल्या तबकड्या जमवणारे शौकीन तिनं गाठले, पार फिनलंडपर्यंतचे. त्यांना बँडचं नाव ठाऊक होतं, पण प्रत कुणी पाहिली नव्हती. शेवटी वृद्धाश्रमातल्या एका म्हाताऱ्या निवेदकानं सांगितलं, ते गाणं पोर्टर्स बेंडच्या कॅफेत फार वाजायचं, तिथल्या लॉयसला विचार.

"मिस लॉयस, मला पैसा-प्रसिद्धी काही नको," जॅनेल म्हणाली. "त्यांचा आवाज एकदा ऐकायचाय. आणि एक गोष्ट कळली तर हवीय. मी येणार आहे हे त्यांना माहीत होतं का? ते वसंतात गेले, मी ऑगस्टमधली. आईला विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता ती नाही. कोण जाणे, त्यांना पत्ताही नसेल."

हर्शलनं कप खाली ठेवला आणि लॉयसकडे बघितलं. मीही बघत होतो.

"मडलाइन थ्री?" लॉयस म्हणाली. "नाही बाई. मी काही ऐकलेलं नाही."

माझ्या पोटात ती तबकडी होती. तिच्या पाठीमागे दहा पावलांवर मी उभा होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो असं म्हणायला मी मोकळा आहे, पण खरं सांगू का, तिचं खोटं ऐकून मला आत कुठेतरी हायसं वाटलं. आता कुणी माझं पोट उघडून बघणार नाही, मी काय करून ठेवलंय ते कुणाला दिसणार नाही. लाज माणसालाच वाटते असं समजू नका.

जॅनेलनं मान खाली घातली. हर्शल खाकरला. "लॉयस," तो हळूच म्हणाला, "चर्चमध्ये तू पहिल्या बाकावर बसतेस ना गं?"

"तू बिस्किट खा," लॉयसनं त्याला दटावलं.

पण तिला चैन पडेना. आमच्या भागातल्या बायकांचं एक असतं. मन खायला लागलं की त्या समोरच्याला खायला घालतात. तिनं कपात न मागता कॉफी ओतली. पायचा मोठा तुकडा कापून पुढे ठेवला, याचे पैसे नाहीत हो, म्हणाली. तरी जीव राहीना, म्हणून तिनं गल्ल्याशेजारचा पेपरमिंटचा वाडगा उचलला आणि जॅनेलपुढे सरकवला. वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकापुढे तो सरकवायची सवय. हात आपोआप गेला. "घे ना, लांबचा पल्ला आहे तुला."

महिन्याची अखेर होती, गोळ्या तळाला गेल्या होत्या. जॅनेलनं एक उचलली, दुसरी उचलली. मग ती थांबली. तिनं उरलेल्या गोळ्या रुमालावर ओतल्या, कागदी नॅपकिन पाण्यात बुडवून वाडग्याचा तळ पुसला आणि भोकाभोवतीची अक्षरं बोटानं एकेक करत वाचली. कॅफेत तिच्या बोटाखेरीज काही हलत नव्हतं.

"यावर माझ्या वडिलांचं नाव आहे," ती म्हणाली.

लॉयसनं फडकं उचलून गल्ला पुसायला घेतला.

"तुम्ही म्हणालात ऐकलं नाही."

"ऐकलं," लॉयस म्हणाली. तिचा फटकळ आवाज कुठल्या कुठे गेला होता. "रोज ऐकलं पोरी. म्हणून तर उरलं नाही."

मग तिनं सगळं सांगितलं, पायचा मोठा तुकडाही वगळला नाही. दुसरी प्रत आत आहे, पण ती झिजलीय, कुठल्या तोंडानं दाखवू म्हणून खोटं बोलले, असं म्हणाली. जॅनेल उठून माझ्यासमोर आली. हर्शलनं केचपची खोकी उतरवली. लॉयसनं ते नेहमीचं बटण दाबलं आणि मी जड हातानं सुई टेकवली.

खरखर. तव्यावर चरबी चरचरावी तशी. तिच्या खालून बासचा फटका लांबून आल्यासारखा ऐकू येई, मध्येच कधी एक आरोळी, आणि पुन्हा खरखर. लॉयस पाय ठोकत होती. ओठ हलत होते, तिच्या कानात सगळं गाणं अक्षरन् अक्षर वाजत होतं. इतकी वर्षं ती आठवणीतलंच गाणं ऐकत होती आणि मी नुसता गुरगुरत होतो, हे मला त्या क्षणी कळलं. तिला कळलं ते जॅनेलच्या चेहऱ्याकडे बघून.

"मिस लॉयस," जॅनेलनं विचारलं, "यात गाणं कुठाय?"

लॉयसचा पाय थांबला. ती भिंतीशी जाऊन टेकली आणि तोंडावर ॲप्रन धरून रडली. मी उरलेली खरखर पुरी केली, कारण मला मध्येच थांबता येत नाही.

जॅनेल चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. स्टुलावर बसली, वाडगा मांडीवर घेऊन. काहीतरी करायचं म्हणून तिनं तो उलटा केला आणि खालच्या बाजूची अक्षरं वाचली. मग वर बघितलं.

"ऑपल," ती म्हणाली. "हे माझ्या आईचं नाव. इथे मागच्या बाजूला गाणं आहे?"

"ते बटण बिघडलंय," लॉयस ॲप्रनमधूनच म्हणाली. इतक्या वर्षांची सवय.

"लॉयस," हर्शल म्हणाला. एवढंच म्हणाला.

लॉयसनं डोळे पुसले. माझ्याजवळ आली आणि नखानं ती चिकटपट्टी खरवडू लागली. पट्टी लाकडासारखी कडक झाली होती, तुकडे तुकडे पडत होते. खाली बटण पांढरं शुभ्र, काल बसवल्यासारखं. "हे मी कधी ऐकलंच नाही," ती जॅनेलकडे न बघता म्हणाली. "देवाशपथ. नाव वाचलं आणि माझ्या पोटात दुखलं. वाजवायचं नाही म्हणजे नाही, असं ठरवलं मी."

बटणावर तिचं बोट गेलं आणि तिथेच थांबलं. मग ती वळली, गल्ल्याचा खण अख्खा ओढून टेबलावर उपडा केला आणि त्या अडगळीतून टर्लींची डबी शोधून काढली. हर्शलला म्हणाली, तुझे हात वस्तऱ्याचे आहेत, तूच बसव. हर्शलनं चष्मा कपाळावर चढवला आणि माझी जुनी सुई काढली. पुरती थोटकी झाली होती ती. नवी सुई बसली तेव्हा मला माझाच हात परका वाटला. जॅनेलनं आपला फोन माझ्या जाळीजवळ धरला, आवाज टिपून घ्यायला.

बटण लॉयसनंच दाबलं.

मित्रांनो, मी भ्यालो होतो. गाडी सरकली, तबकडी उचलली आणि प्रथमच तिची ती बाजू सुईपुढे धरली. काळी, चमकदार, एक ओरखडा नाही. मी हात टेकवला.

आणि कॉय हॅगरमन गायला लागला. उचकी नाही, आरडाओरडा नाही. एक गिटार आणि एक माणूस, आत्ता भुवयांवरचा कापूस झटकून टेबलाशी येऊन बसलेला. ऑपल, दिवा ठेव, मी पूल ओलांडून येतोय, असं काहीसं ते गाणं होतं. साधंच. पण दुसऱ्या कडव्यात तो म्हणाला, दोन ताटं मांडतेस ना, आता तिसऱ्याची जागा कर. पाहुण्याचं नाव अजून ठरलं नाही, मुलगा की मुलगी तेही ठाऊक नाही, पण त्याची खुर्ची मी आजच टपावर बांधून आणतोय.

जॅनेलनं फोन धरलेलं मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरलं, गाणं संपेपर्यंत.

"बघितली मी ती खुर्ची," लॉयस म्हणाली. "या दारात. टपावर. मी त्याला हसले. कुणाला बसवणार, म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं नाही, आणि मी... गाण्यात सांगितलेलं होतं गं त्यानं. माझ्या घरात होतं ते. तू जन्मायच्याही आधीपासून इथे होतं."

"आमच्या घरी होती ती खुर्ची," जॅनेल म्हणाली. "मी तिच्यात बसून जेवायचे. एक पाय मोडला तरी आईनं टाकू दिली नाही. आम्ही तिला हसायचो." मग ती रडली, आणि मध्येच हसलीही. लॉयस तिच्याजवळ गेली नाही. तेवढं धैर्य तिला झालं नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं.

थोड्या वेळानं जॅनेलनं पुन्हा बटणाकडे हात नेला. लॉयसनं तो मनगटाशी धरला.

"पुन्हा नको," ती म्हणाली. "फोनवर ऐक. हवं तितक्यांदा ऐक. याच्यावर नको."

जन्मात पहिल्यांदा तिनं मला कुणाला गाणं लावू दिलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिनं माझं झाकण उघडलं, तबकडी दोन बोटांनी कडेला धरून बाहेर काढली, स्वच्छ कपड्यात गुंडाळली आणि जॅनेलच्या हातात दिली. वाडगाही घेऊन जा म्हणाली. जॅनेलनं तो जरा वेळ हातात धरला, मग रुमालावरच्या गोळ्या परत त्यात भरल्या आणि गल्ल्याशेजारी होता तिथेच ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. नाताळात फोन करीन म्हणाली. लॉयसनं मान हलवली.

आता माझ्या पोटातली ती जागा रिकामी आहे. लॉयस अजून दुपारी येते. नेहमीचं बटण दाबते. माझी गाडी सरकत जाते, तबकडी चाचपते, काही सापडत नाही, परत येते. लॉयस काचेवर हात ठेवून उभी असते आणि पुटपुटल्यासारखं गुणगुणते. गुणगुणते ते मात्र मागच्या बाजूचं गाणं.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला शहाणपण सांगायचा अधिकार नाही, आणि माझ्यासारख्या आवाजखाऊला तर मुळीच नाही. तरी तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनं असेल तर त्याची सुई वेळेवर बदला. ती डबी खणात पडू देऊ नका. एखाद्या बटणावर रागानं पट्टी लावली असेल तर ती आजच काढा. आणि दाराशी कुणी विचारत आलं, की अमक्याचं तुमच्याकडे काही आहे का, तर नाही म्हणू नका. वस्तू झिजलेली असेल, तुम्हीच झिजवलेली असेल, लाज वाटेल, वाटू द्या. तरी आत बोलवा आणि ती उलटून बघा. लॉयसला हे मी कधी सांगू शकलो नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.